आंब्याला काय मिळतं?

अण्णांनी फोनवर एवढंच सांगितलं, "लगेच ये. माझ्या हातून एक जीव गेला."

मी तेव्हा हेब्बाळला, आमच्या संशोधन संस्थेच्या कँटीनमध्ये डबा उघडून बसले होते. घास हातातच राहिला. अण्णा म्हणजे माझे वडील. सत्तरी ओलांडलेले, आई गेल्यापासून यशवंतपूरच्या घरात एकटे राहणारे, आणि आम्ही कितीही ओरडलो तरी स्कूटर न सोडणारे. त्यांच्या तोंडून हे वाक्य ऐकल्यावर माझ्या डोळ्यांसमोर काय काय येऊन गेलं ते लिहवत नाही. परत फोन लावला तर उचलेनात. रिक्षात बसले. उड्डाणपुलाखाली नेहमीची कोंडी, आणि रिक्षावाला "स्वल्प ट्राफिक, मॅडम" म्हणत निवांत. त्या बिचाऱ्यावर मी उगाच खेकसले.

घराचं फाटक सताड उघडं होतं. स्कूटर जागेवर दिसली तेव्हा कुठे जिवात जीव आला. अण्णा गच्चीवर सापडले. प्लास्टिकच्या खुर्चीत ताठ बसलेले, उजवा तळहात समोर धरलेला, आणि त्यावर अंगठ्याएवढा एक पक्षी. मातकट, बारीक चोचीचा. मेलेला.

"हे?" मी म्हटलं. "ह्यासाठी माझा जीव काढलात?"

भडकलेच होते मी. पण अण्णांनी मान वर केली. ते रडत नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला होता. मग माझी नजर त्यांच्या मागे गेली. गच्चीच्या कठड्याला टेकलेलं आमचं आंब्याचं झाड शेंड्यापासून अर्ध्यापर्यंत निळ्या नायलॉनच्या जाळीत गुंडाळलेलं होतं.

ती जाळी का आली हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तिच्यामागची सगळी माहिती मीच तर पुरवली होती.

तो आंबा आईनं लावलेला. आमचं घराणं ह्या कन्नड मुलखातलंच. कित्येक पिढ्यांपूर्वी मराठी मुलखातून आलेलं, घरात मराठी बोलणारं, आणि त्या मराठीत कन्नड कधी मिसळली याचा पत्ता नसलेलं. अंगण जेमतेम. त्यात माझ्या जन्माच्या सुमारास आईनं कोय रुजत घातली, आणि झाड असं फोफावलं की गच्ची बांधताना कठडा जरा आत घ्यावा लागला. कैऱ्यांचं लोणचं सगळ्या नातेवाइकांकडे जायचं. सणाला गल्लीतल्या प्रत्येक दारावरच्या तोरणाची पानं आमच्याकडची. दुपारी सावलीत शेजारच्या अक्का भाजी निवडायला येऊन बसायच्या.

आई गेली आणि त्याच सुमारास झाडाचं काहीतरी बिनसलं. मोहोर नाही, पालवी नाही, वरच्या फांद्या वाळू लागलेल्या. त्यातच बांडगुळाचे झुबके. आंब्याच्या पानांहून जाड, फिकट पानं, आणि आंब्याला मोहोर नसताना याला मात्र नारिंगी नळ्यांसारख्या कळ्यांचे घोसच्या घोस. अक्का खालून वर बघून त्याचं कन्नड नाव घेत म्हणाल्या, "बदनिके. हे झाड खाऊन टाकणार बघा."

माझा मोठा भाऊ, दादा, शहराच्या दुसऱ्या टोकाला, व्हाइटफील्डला एका टोलेजंग संकुलात राहतो. आईच्या पश्चात त्यानं अण्णांच्या मागे धोशा लावला होता, तिकडे चला म्हणून. अण्णांचं उत्तर ठरलेलं. "आंबा उभा आहे तोवर मी इथे. तो गेला की ने मला कुठे न्यायचं तिथे." दादाला ही पळवाट वाटायची. मला माहीत होतं, की ते अक्षरशः तसंच करतील. बोललेला शब्द फिरवणं त्यांना येत नाही. म्हणून त्या झाडाची एकेक फांदी वाळली की दहाव्या मजल्यावरच्या खोलीत, दार लावून टीव्ही बघत बसलेले अण्णा मला दिसायचे.

अण्णांची नोकरी कारखान्यात झाली, तपासणी खात्यात. माल नापास झाला की त्यांचा पहिला प्रश्न, "मूळ कारण काय?" वरवरची दुरुस्ती त्यांना चालायची नाही. ही सवय ते घरीही घेऊन यायचे. आमटी खारट झाली तरी आईला मूळ कारण विचारायचे. आई म्हणायची, "मूळ कारण म्हणजे मी, अजून काय?" आणि आम्ही सगळे हसायचो.

जाळी यायच्या आधी काही दिवस मी रविवारची घरी गेले होते. गच्चीवर चहा घेत बसलो होतो आणि अण्णांनी विचारलं, "हे बांडगूळ इथे आलंच कसं?"

झालं. माझ्या आवडीचा विषय. मी ज्याचा अभ्यास करते त्याला सहउत्क्रांती म्हणतात. दोन जीव पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या सहवासात एकमेकांना घडवत जातात, इतके की एकाची चोच आणि दुसऱ्याचं फूल एकाच मापाचं होऊन बसतं. जैवविविधता म्हटलं की लोकांना मोजणी आठवते. तळ्याकाठी इतके पक्षी, इतकी फुलपाखरं, इतकी झाडं, छान, टाळ्या. मला त्याचा मनापासून राग येतो. लग्नघरी जाऊन नुसती डोकी मोजून परत येण्यासारखं आहे ते. कोण कुणाचं कोण, कुणावाचून कुणाचं अडतं, हे विचारायचंच नाही. उद्या त्यातलं एक जण उठून गेलं तर आणखी कोण कोण जाणार, हे मग कळणार कसं?

तर मी अण्णांना फुलटोच्याची गोष्ट सांगितली. एवढासा पक्षी. बांडगुळाचं फळ गिळतो. बी असं चिकट, की ते सहजासहजी अंगावेगळं होत नाही, म्हणून तो फांदीवर आडवा बसून बूड घासतो. बी फांदीला चिकटतं आणि तिथेच रुजतं. बांडगुळाला जमिनीवर पडून चालत नाही, त्याला फांदीच लागते, आणि ती हा पक्षी नेमकी मिळवून देतो.

अण्णांचा कप अर्ध्यात थांबला. "अय्यो! म्हणजे ह्या टिचभर प्राण्यानं हगून हगून माझं झाड मारायला घेतलंय?"

मी खो खो हसले. आणखी चेव येऊन पुढचं सांगत सुटले. ज्याला आपण हळदीकुंकू म्हणतो ते पिवळ्या-लाल ठिपक्यांचं फुलपाखरू याच बांडगुळावर अंडी घालतं. बांडगूळ कापलं तरी पक्षी पुन्हा आणून लावतो. अण्णा कान देऊन ऐकत होते. मला वाटलं, पठ्ठ्या रमलाय गोष्टीत.

ते मूळ कारणापाशी पोचले होते.

"तूच म्हणालीस ना, कापून उपयोग नाही," आता ते खुर्चीतून मला सांगत होते, तळहात तसाच धरून. "पक्षी परत आणणार. मग मी म्हटलं, पक्षीच थांबवू या. बागायतदार द्राक्षांवर घालतात तशी जाळी मिळते बाजारात. गच्चीवरून टाकली. दोन आठवडे झाले, सगळं नीट, सरी चाललं होतं. आज सकाळी बघतो तर हा अडकलेला. मी सोडवत होतो ग. कात्रीनं एकेक धागा कापत होतो. माझ्या हातात असताना गेला."

या माणसानं आयुष्यात झुरळ मारलेलं नाही. झुरळ दिसलं की आईला हाक मारायचे.

"जोडी असते का ह्यांची?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलावंसं वाटलं. पण बोलता आलं नाही. "असते. आता घरट्याचेच दिवस आहेत."

अण्णांनी डोळे मिटून घेतले. मीही हबकले होते, आणि मला स्वतःचाच संताप येत होता. चहाच्या कपाबरोबर मी गोष्ट म्हणून जे सांगितलं, त्याचं त्यांनी हत्यार केलं, आणि तेही आईचं झाड वाचावं म्हणून. कुणाला बोल लावणार?

जाळी आम्ही दोघांनी मिळून उतरवली. पक्षी आंब्याच्या बुंध्याशी पुरला. मी संस्थेत कळवून आठवडाभर घरीच राहिले, कारण अण्णांना एकटं सोडायची हिंमत होईना. ते नीट जेवत नव्हते. सकाळी उठून गच्चीवर जायचे आणि दुसरा पक्षी येतो का बघत बसायचे. येत नव्हता. दादाचा फोन आला. जाळी, गच्ची, कठडा एवढं ऐकून तो कडाडला, "पडले असते म्हणजे? बस झालं. ह्या रविवारी मी गाडी घेऊन येतोय." अण्णांनी वाद घातला नाही. नुसतं "सरी" म्हणाले. दादाला इतक्या सहज "ठीक आहे" म्हणताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

शनिवारी सकाळी त्यांनी मला वरून हाक मारली. बांडगुळाचे घोस कठड्याला लागून होते. जाळीच्या आत राहिलेल्या कळ्या पूर्ण भरलेल्या, पण मिटलेल्या. कित्येक तशाच मिटून काळ्या पडल्या होत्या. खाली कठड्यावर त्यांचा सडा.

"ह्या उमलल्या का नाहीत? पाणी कमी पडलं?"

"पाणी नाही. चोच कमी पडली." मी एक पिकलेली कळी पाहून त्यांच्या पुढे धरली. "दाबा. हळूच, चिमटीत."

त्यांनी दाबली. कळी फट्कन उघडली, पाकळ्या मागे उलटल्या आणि परागांची बारीक धूळ त्यांच्या नाकावर उडाली. अण्णा दचकून चक्क एक पाऊल मागे सरले. मग दुसरी दाबली. तिसरी. लहान मुलासारखे.

"पक्षी आला की हेच करतो," मी सांगितलं. "आतला मध पितो, पराग डोक्यावर घेऊन पुढच्या कळीकडे जातो. बरेचदा कुणी दाबलंच नाही तर कळी अशी मिटलेलीच गळते."

"म्हणजे हा गेला तर हिचंही संपलं."

"हो."

"आणि ही गेली तर त्याचं."

"उन्हाळ्यात बाकी काही मिळत नाही तेव्हा तरी, हो."

"आणि ते हळदीकुंकू?"

"तेही."

अण्णांनी मान हलवली. त्यांचं डोकं कारखान्याच्या वळणानं चाललेलं मला दिसत होतं, कुठला भाग कुठे बसतो ते. मग त्यांनी हात लांब करून आंब्याच्या वाळक्या फांदीवर ठेवला.

"पक्ष्याला फळ मिळतं. बांडगुळाला वाहतूक मिळते. फुलपाखराला घर मिळतं," ते म्हणाले. "आंब्याला काय मिळतं?"

मी हातातली कळी कठड्यावर ठेवली.

माझी सगळी उमेदीची वर्षं या विषयात गेली. मी पक्ष्याच्या चोचींची मापं घेतली, बियांचा चिकटपणा तपासला, कळ्या किती दाबानं उघडतात ते पाहिलं. परिषदांमध्ये मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की नुसत्या याद्या काय करता, नाती बघा. आणि त्या नात्याच्या खाली जे झाड उभं होतं, ज्याचा रस पिऊन हा सगळा संसार चालला होता, त्याला माझ्या कामात शब्द होता 'आधारवृक्ष'. बस. आधार. जसा भिंतीला खिळा असतो. आंबा आहे का चिक्कू, एवढं नोंदवायचं आणि पुढे जायचं. त्याचं काय होतं हे मी एकदाही विचारलं नव्हतं. डोकी मोजणाऱ्यांना हसणारी मी.

"काही नाही मिळत, अण्णा," मी म्हटलं. "निदान मला तरी माहीत नाही. मी कधी बघितलंच नाही."

मला वाटलं ते चिडतील. ते चिडले नाहीत. फांदीवरचा हात काढला आणि खुर्चीत बसले.

"मीही नाही बघितलं," ते म्हणाले. "एवढी वर्षं संध्याकाळी घरी यायचो, चहा तयार. कपडे तयार, डबा तयार. तुझ्या आत्या येऊन महिना महिना राहायच्या. तुम्ही दोघं. माझा तो भाऊ, नोकरी लागेपर्यंत इथेच. आमटी खारट झाली की मी मूळ कारण विचारायचो. तिला काय पाहिजे, हे नाही कधी विचारलं. अय्यो, नाही विचारलं ग मी." आणि मग, ज्यांना मी आईच्या अंत्यविधीलाही रडताना पाहिलं नव्हतं, ते अण्णा खांदे हलवून रडायला लागले. मला काय करावं कळेना. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले.

दुपारी त्यांनी करवत मागितली. मी गच्चीवर शिडी धरली आणि ते तिथूनच, झेपेल तेवढं, एकेक बांडगूळ मुळाशी फांदीसकट कापत गेले. कठड्यालगतची एक फांदी मात्र त्यांनी सोडली. "ही त्यांची," म्हणाले. "आला परत, तर येऊ दे. बाकीच्या आंब्याला आता मोकळं सोडा." शास्त्राप्रमाणेही हेच ठीक होतं, पण तेव्हा मला शास्त्राचं काही बोलायचं नव्हतं.

रविवारी दादा गाडी घेऊन आला, ठरल्याप्रमाणे. येताना पिकलेल्या आंब्यांची पेटी घेऊन आला, बहुधा अण्णांना मनवायला. छाटलेलं झाड बघून त्याला वाटलं, संपलं झाड, काम सोपं झालं. तो काही बोलायच्या आत अण्णा म्हणाले, "बस. मी आंबे कापतो."

अण्णांनी आमच्यासमोर कधी पाण्याचा पेलासुद्धा स्वतःच्या हातानं भरून घेतला नव्हता. ते स्वयंपाकघरात गेले, सुरी शोधताना दोन-तीन खण उघडल्याचे आवाज आले, आणि मग ताटलीत वेड्यावाकड्या फोडी घेऊन ते गच्चीवर आले. ताटली आमच्यापुढे ठेवली. स्वतः घेतली नाही.

"घ्या ना तुम्हीपण," मी म्हटलं.

"घेतो. आधी एक सांगा." ते दोघांकडे बघत होते. "तुमच्या आईला आंबा आवडायचा?"

"म्हणजे काय!" दादा लगेच म्हणाला. "झाड तिनंच तर लावलं."

"लावलं. पण खायची का?"

दादा हसून उत्तर द्यायला गेला आणि थांबला. मी आठवू लागले. आईचे हात आठवले, कोपरापर्यंत रस ओघळलेले. विळीवर बसलेली ती आठवली. फोडींची वाटणी, मला एक जास्त मिळाली म्हणून दादाचं भांडण, अण्णांची वाटी वेगळी काढून ठेवलेली, आत्यांची, काकाची, अक्कांसाठी झाकून ठेवलेली. बरणीत लोणचं दाबून भरणारा तिचा तळवा आठवला. सगळं आठवलं, वासासकट. तिच्या तोंडात आंब्याची फोड मात्र कुठेच नव्हती. ती जेवायला बसायची तेव्हा आम्ही उठून गेलेलो असायचो.

दादाकडे पाहिलं तर त्याची फोड हातातच होती.

"लोणचं?" अण्णांनी विचारलं. "लोणचं तरी आवडायचं?"

खाली रस्त्यावर भाजीची गाडी ओरडत गेली.

व्हाइटफील्डचा विषय त्या दिवशी निघालाच नाही. दादा निघताना फाटकापाशी थांबून आंब्याच्या बुंध्याकडे बघत होता. मला हळूच म्हणाला, "तुला नक्की आठवत नाही? तू मुलगी होतीस, तू तरी तिच्याजवळ असायचीस."

मी त्याला नाही म्हणून सांगितलं. आई आंबा खात असताना कशी दिसायची, हे आम्हा तिघांपैकी एकालाही माहीत नव्हतं.